कुंडलिकाच्या घरची सुटका

शलमोन मास्तर : रंभाबाई, हे काय मांडलंय? पाट, कोरा कागद, दौत, बोरू! आणि आज बाळाचा पाचवा दिवस! तुमच्यासारखी ख्रिस्ती मंडळीतली जुनी बाई घरात सटवाई पुजते?

रंभाबाई : या, शलमोन मास्तर, या. पाच दिसांनी उंबरा चढलात आणि पहिलं माझं पापच दिसलं. नजर लई चांगली हाय तुमची.

मास्तर : पाप दिसलं तर बोलणं हे प्रचारकाचं कर्तव्य आहे. म्हणे पाचवीला सटवाई येते, बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून तिच्यासाठी कागद आणि लेखणी! तुमच्या सासूच्या काळात चाललं. तुमचा बाप्तिस्मा होऊन आता वीस वर्षं झाली.

रंभाबाई : बावीस. आन् हळद दिसतीया का पाटावर? कुंकू? फूल? न्हाय न्हवं? मग कशाला जीव वरखाली करताय, आधीच दमा हाय तुमाला. लिवणारा यायचा हुता घरात, म्हणून मांडलंय. बसा. डिंकाचा लाडू खाणार?

मास्तर : नको. सध्या माझा उपास चालू आहे. कुंडलिकासाठी.

रंभाबाई : अगं बाई! तितं कुंडलिक उपाशी, हितं तुमी उपाशी. तुरुंगवाल्यांची चांगलीच सोय झाली. खावा हो एक. डिंक लई हाय घरात. पोरीचा बाप न्हाय घरात, पर डिंक हाय.

मास्तर : एवढा डिंक आला कुठून?

रंभाबाई : तुमच्या प्रार्थनेतनं. रविवारी चर्चात डोळे मिटून तुमी काय म्हणालात? "हे प्रभू, कुंडलिकाच्या घरची सुटका लौकर होऊ दे." सगळ्यांनी आमेन केलं. आन् दुपारी माझ्या दारात ही रांग! गिरिजाबाई डिंक घेऊन, बसव्वा खारका घेऊन, गुरम्मा तांब्याभर तूप घेऊन. मी म्हटलं, बायांनो, माझा ल्योक शनवारी धरून नेलाय, ह्यो डिंक कुणाला चारू, हवालदाराला? तर म्हणत्यात, मास्तरानं सुटका सुटका म्हटलं, आमी समजलो तुझ्या सुनेचे, जगदेवीचे दिस भरले.

मास्तर : तसा गैरसमज व्हायला नको होता. साऱ्या शहराला ठाऊक आहे कुंडलिकाचं.

रंभाबाई : ठाऊक हुतं त्यांनीबी डिंकच आणला, मास्तर. डिंकाला राजद्रोह लागत न्हाय.

मास्तर : त्या दिवशी मागच्या बाकावर एक अनोळखी माणूस बसला होता. साध्या कपड्यांतला पोलीस असावा. शहरात फौजी कायदा चालू. पांढरी टोपी दिसली तरी धरताहेत. अशा वेळी नाव घेऊन "त्याला तुरुंगातून सोडव" म्हणणं शहाणपणाचं झालं नसतं. म्हणून मी शब्द जपून वापरला. प्रभूला अंतरीचं कळतं.

रंभाबाई : कळलं की. लगीच कळलं. सोमवारी सकाळी जगदेवीला कळा सुरू झाल्या, आठव्या म्हैन्यात. सुटका मागितली, सुटका मिळाली. देवाला काय बोल लावायचा? त्येच्याकडं रोज एवढे अर्ज येणार. तुमच्या अर्जावर नाव न्हाय, पत्ता न्हाय.

मास्तर : थट्टा करू नका, रंभाबाई. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, ही कृपा लहान आहे का?

रंभाबाई : लहान न्हाय. मूठभर पोरगी हाय, चिमणीवाणी तोंड उघडती, पर दूध पिती. त्येच्यासाठी गुडघं टेकून झालेत माझे. थट्टा मी देवाची न्हाय करत. कुणाची करतीया ते तुमाला ठावं हाय.

जगदेवी : (आतल्या खोलीतून) आत्ती, मास्तर आलेत काय? त्यांना लाडू द्या की.

रंभाबाई : दिलाय. उपास हाय म्हणत्यात. तू पडून ऱ्हा, पोरी. बोलू नगं.

जगदेवी : पडूनच हाय. कान तरी उघडे ठेवू काय नको?

मास्तर : जगदेवी, धीर धर बाई. पाद्रीसाहेबांना मी सविस्तर पत्र टाकलं आहे. ते महाबळेश्वराहून परत आले की स्वतः मोठ्या साहेबांना भेटतील.

रंभाबाई : कधी येणार?

मास्तर : पाऊस लागला की उतरतील खाली. पंधरा-वीस दिवसांत.

रंभाबाई : आन् कुंडलिकाला साहेबाच्या म्होरं उद्या दहाला उभं करणार. सिद्धाराम हवालदारानं सांगितलं मला, सकाळी भाकरी द्यायला गेले तवा. उद्या निकाल. मग दोन वर्सं म्हणा, पाच म्हणा, त्यांच्या तोंडाला यील ते. देव थंड हवेला गेलाय का वो पाद्रीसाहेबासंगं? न्हाय, ठावं असलेलं बरं. म्हंजे आमी आरडायचं किती ते कळंल.

मास्तर : देव कुठंही जात नाही. दानिएल सिंहांच्या गुहेत होता, तिथंही देव होता. पेत्र साखळदंडांत होता. मंडळी एकचित्तानं प्रार्थना करत राहिली आणि बेड्या गळून पडल्या. आपलं काम भरवसा ठेवण्याचं. सोडवणारा तो आहे.

रंभाबाई : सोडवणारा त्यो हाय. खरं हाय. अडकवणारा कोण?

मास्तर : म्हणजे?

रंभाबाई : म्हंजे फलक कुणी लिवला?

मास्तर : कुठला फलक?

रंभाबाई : कुठला काय! दोन वार मांजरपाटावर निळीनं ही मोठी अक्षरं कुणी काढली? "खरे राज्य येत आहे"! सणाचा रविवार, चर्चाच्या फाटकाच्या कमानीवर फलक पायजे, झोकात पायजे. शहरात गोरे सोजीर बंदुका घेऊन फिरत्यात, भिंतीभिंतीवर हुकूम चिकटवलेत, आन् आमचे मास्तर कमानीवर लिवत्यात, खरं राज्य येतंय. मग आत्ता हाय ते काय खोटं?

मास्तर : तो धार्मिक अर्थानं होता! कुणीही सुज्ञ माणूस...

रंभाबाई : सुज्ञ माणसाच्या हातात बंदूक न्हवती. बंदूकवाल्यानं इचारलं, कुणाचं राज्य? कुंडलिक म्हणाला, वरच्याचं. दुभाषा म्हणाला, वरचा म्हंजे कोण, तुमचा पुढारी का? नाव सांग. ह्यो म्हणाला, त्येचं नाव समद्या जगाला ठावं हाय. झालं! त्येस्नी वाटलं, लई मोठा कट गावला.

जगदेवी : खोटं तर नाही बोलले ते, आत्ती.

रंभाबाई : न्हाय ग बाई. खरं बोलला म्हणून तर आत हाय.

मास्तर : मला फार वाईट वाटतं, रंभाबाई. विश्वास ठेवा. झोप नाही मला.

रंभाबाई : पुढचं ऐका, मग अजून येणार न्हाय. साहेबानं इचारलं, हे लिवलं कुणी? कुंडलिक म्हणाला, मीच.

मास्तर : कुंडलिक? त्याला कुठं लिहिता येतं!

रंभाबाई : तेच साहेबाला वाटलं. गिरणीतला साचेवाला, अंगठा उठवून पगार घेणारा, त्यो कुठनं लिवणार? म्हणून पाटी दिली हातात. लिव म्हणाला. तुमी त्येला तीन वर्सं बाराखडी शिकवलीत. काय काय आलं हो त्येला?

मास्तर : त्याचं डोकं अक्षरांत चालायचं नाही. क व्हायचा नाही, ग उलटा व्हायचा. एक ख तेवढा जमला. ख मात्र सुरेख काढायचा.

रंभाबाई : तेवढाच काढला त्येनं. ख. तुमच्यावाणी, खाली शेपूट वळवून. साहेबानं फलकाजवळ धरून बघितला, हुबेहूब! व्हायचाच की, शिकवणारा एकच. म्हणाला, पुढचं लिव. तर म्हणतो, हात दुखतोय. तीन वर्सांत एक अक्षर शिकला माझा ल्योक, तेबी त्येला आत घालाया उपयोगी पडलं. काय तुमची विद्या, मास्तर!

मास्तर : पण तो असं का म्हणाला? मी लिहिलं, असं का?

जगदेवी : मास्तरांना दमा हाय, म्हणाले ते. मास्तरांना चार पोरी हायत. आत्तीजवळ निरोप पाठवला तसा. मास्तरांचं नाव काढू नका म्हणाले.

मास्तर : असं म्हणाला?

रंभाबाई : असं म्हणाला येडा. स्वताची पोरगी जन्मली तेबी त्येला तवा ठावं न्हवतं. आन् तुमच्या चार मोजून बसलाय.

मास्तर : मी रोज पहाटे त्याच्यासाठी रडतो, रंभाबाई.

रंभाबाई : रडा. चांगलं असतं, डोळे धुऊन निघत्यात. पर सिद्धाराम काय म्हणाला तेबी ऐका. म्हणाला, साहेबाला अजून संशय हाय. एका अक्षरावर त्येचं मन बसंना. ज्यानं खरं लिवलं त्यानं आज समदी ओळ लिवून दिली, कशासाठी लिवली ते सांगितलं, तुमचं पुस्तक उघडून दाखवलं, तर साहेब कुंडलिकाला सोडंल. आन् लिवणारा पांढरपेशा, मिशनचा मास्तर. त्येला समजूत देऊन घालवंल घरी.

मास्तर : आणि नाही घालवलं तर?

रंभाबाई : तर मग देव हाय की! तुमीच म्हणालात आत्ता. सिंहाच्या गुहेतबी असतो.

मास्तर : तुम्हाला बोलणं सोपं आहे.

रंभाबाई : लई सोपं. माझं घर तर फुलांनी भरलंय.

मास्तर : राजद्रोहाचा नुसता आरोप आला तरी मिशनची नोकरी जाईल. मग माझ्या मुलींना... नाही. आपण असं करू. आज रात्रभर अखंड प्रार्थना ठेवू, माझ्या घरी, दार लावून. प्रभू एखादा दूत पाठवील. कसा, कुठून, ते आपण ठरवायचं नाही.

रंभाबाई : दूत म्हंजे कोण वो, मास्तर?

मास्तर : देवाचा निरोप घेऊन येणारा.

रंभाबाई : त्येला पंख असायलाच लागत्यात का? न्हाय, दमा असला तर चालतो का, ते इचारतीया.

मास्तर : रंभाबाई...

रंभाबाई : ऐका. तुमी नवीन आलता सोलापुरात त्या साली, मोठ्या तापाच्या साथीत, माझा मालक पडला. आठ दिस मी गुडघ्यावर हुते. देवा, ह्येला उठव. न्हाय उठवला. नवव्या दिशी मी आन् कुंडलिक दोघंबी तापानं फणफणलेलो, घरात पाणी द्यायला कुणी न्हाय. शेजारीपाजारी दारं लावून देवाचं नाव घेत बसलेले. तवा दाराची कडी वाजली. मिशनातली म्हातारी मडमीण, हातात पेजेचं भांडं. लुगडं वर खोचावं तसा झगा खोचून माझी घाण काढली तिनं. त्येच्या आठव्या दिशी तीच गेली साथीत. तवापासनं मला देवाचा पत्ता ठावं हाय. माझा भरवसा हाय त्येच्यावर, तुमच्यापरीस जास्त असंल. म्हणून तर कागद मांडून बसलीया सकाळपासनं. मला म्हाइत हुतं तुमी येणार.

मास्तर : हा कागद... माझ्यासाठी?

रंभाबाई : न्हाय तर काय सटवाईसाठी? तिला कुटं लिवता येतंय चांगलं. आमच्या सात पिढ्यांच्या कपाळी तिनं काय लिवलं ते बघितलंय मी. म्हटलं, ह्या पोरीचं तरी अक्षर ओळखीच्या माणसाकडनं लिवून घ्यावं.

मास्तर : हे लिहिणं मला जमायचं नाही.

रंभाबाई : जमंल. दोन वार मांजरपाटावर जमलं न्हवं?

जगदेवी : मास्तर, मी एक बोलू काय? रागावू नका.

मास्तर : बोल, बाई.

जगदेवी : सोमवारी मला कळा आल्या तेव्हा मी भिले. लई भिले. महिने भरले नाहीत, ते इथं नाहीत. मी म्हणत होते, देवा, मी नाही करणार, तूच कर. तूच काढ बाळ बाहेर. मल्लव्वा सुईण म्हणाली, अव्वा, देव हात धरून बसलाय, पण जोर तुलाच लावायचा. मग मी लावला. देव होता, मास्तर. खरंच होता. पण जोर त्यानं नाही लावला.

रंभाबाई : हे मी शिकवलं न्हाय हां तिला. तिचं तिनंच.

मास्तर : बोरू द्या इकडं.

रंभाबाई : हा घ्या. शाई पातळ हाय जरा, पाणी घालून वाढवलीया. गरिबाची शाई.

मास्तर : चालेल.

रंभाबाई : एक कवाधरनं इचारायचं हुतं. तुमी लिवा, लिवताना ऐका. कमान केवढी उंच. कुंडलिक शिडीवर एकटाच चढला कसा? सिद्धाराम म्हणतो, सोजीर आले तवा शिडी आडवी पडलेली आन् ह्यो कमानीला लोंबकळत हुता. सोजीरांनीच खाली घेतला. तेवढी त्यांची दया. पर शिडी कुणीतरी धरली असंल न्हवं?

मास्तर : लिहू द्या मला, रंभाबाई.

रंभाबाई : लिवा, लिवा. मी गप बसते. बावीस वर्सांत जमलं न्हाय, आज बघते.

मास्तर : झालं.

रंभाबाई : एवढंच? सणाचा फलक लिवायला दोन दिस लागलं हुतं. जगदेवी, हा कागद घे आन् मोठ्यानं वाच. तू मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलीस, त्येचा आज उपयोग. अगं, पोरीला खाली ठेव आधी.

जगदेवी : "खरे राज्य येत आहे. ही ओळ फलकावर मी लिहिली. अक्षर ताडून पाहावे. ती आमच्या धर्माची आहे, सरकारविरुद्ध नाही. कुंडलिक यास वाचता लिहिता येत नाही. ख हे अक्षर त्यास मी शिकविले." अजून आहे, आत्ती. "त्या दिवशी शिडी..."

रंभाबाई : वाच की. थांबलीस का?

जगदेवी : "त्या दिवशी शिडी मी धरली होती. शिपाई दिसताच मी ती सोडून बाजूला झालो. दुभाष्याने मला विचारले, हा तुमचा माणूस काय? मी म्हणालो, मी यास ओळखत नाही."

रंभाबाई : परत वाच.

जगदेवी : आत्ती, नको.

रंभाबाई : तुमी धरली हुती, मास्तर?

मास्तर : हो.

रंभाबाई : आन् सोडली.

मास्तर : सोडली. पेत्राची गोष्ट मी दर वर्षी सांगतो, रंभाबाई. कोंबडा आरवायच्या आत तो तीनदा म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. सांगताना दर वर्षी मला पेत्राचा राग यायचा.

रंभाबाई : मला एवढं ठावं न्हवतं. अक्षराचं ठावं हुतं, शिडीचं न्हाय. पाच दिस मी तुमाला नुसता भित्रा समजून बोलत हुते. मास्तर, मला लई राग आलाय. तुमच्या तोंडावर हा कागद मारावा वाटतोय. माझा ल्योक वर लटकलेला, आन् तुमी...

मास्तर : मारा.

रंभाबाई : मारून काय करू, कागद एकच हाय घरात. शाईबी संपली. जगदेवी, घडी घाल त्येची. सिद्धाराम चारला येतो नाक्यावर, त्येच्या हाती देते. जावा तुमी घरी.

मास्तर : नाही. कागद माझ्याकडं द्या. मी स्वतः जातो.

रंभाबाई : कशाला? अक्षर हाय, सही हाय. तुमाला दमा.

मास्तर : अक्षराचं अक्षरानं फिटेल. पण ओळखत नाही, हे मी तोंडानं म्हणालो होतो. ते तोंडानंच परत घ्यावं लागेल.

रंभाबाई : आन् तुमालाच ठेवून घेतलं तर?

मास्तर : तर घरी निरोप द्या.

रंभाबाई : देते. तुमच्या पोरी जेवायला हितं येतील. भाकरीचं बघू, डिंक तर हायच. देवानं डिंक उगाच न्हाय धाडला म्हणायचा.

मास्तर : निघण्यापूर्वी प्रार्थना करू का?

रंभाबाई : करा. पर नाव घेऊन करा. मागच्या वेळचं बघितलं न्हवं?

मास्तर : प्रभू, कुंडलिक तुरुंगात आहे. त्याला तिथं मी घातलं. त्याला तुरुंगातून सोडव. आणि मला... मला तुरुंगाच्या फाटकापर्यंत पोचव. मधे माघारी फिरू देऊ नको. आमेन.

रंभाबाई : आमेन. ही बेस झाली. हिला डिंक न्हाय यायचा.

मास्तर : येतो, रंभाबाई.

रंभाबाई : या. सावलीसावलीनं जावा. आन् चढावर घाई करू नका, धाप लागती तुमाला.

जगदेवी : गेले काय, आत्ती?

रंभाबाई : गेले. नाक्यापर्यंत दिसत्यात. एकदा थांबले. न्हाय, चपलेचा अंगठा नीट केला. गेले.

जगदेवी : आत्ती, आमचे हे येतील ना उद्या? पोरीला बघतील ना?

रंभाबाई : मला ठावं न्हाय, बाई. साहेबाच्या मनात काय हाय, कुणी सांगावं? मागायचं ते मागितलंय, नाव घेऊन. आता धीर धर म्हणायची पाळी माझी. काय खोटं वाटतंय तोंडात!

जगदेवी : लाडू झाकून ठेवू काय? मुंग्या लागतील.

रंभाबाई : ठेव. दोन कुंडलिकाला काढ. आन् एक येगळा ठेव.

जगदेवी : तो कुणाला?

रंभाबाई : मास्तरला. आज सुटला बिचारा.